उमेदवारी आणि वशिला

'उमेदवार' हा शब्द आज कानावर पडला की निवडणूक आठवते. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत या शब्दाला निराळे वजन होते. सरकारी कचेरीत, सावकाराच्या पेढीवर किंवा वकिलाच्या बैठकीत जो मुलगा पगाराविना काम करी, आणि आज ना उद्या एखादी जागा रिकामी होऊन आपण चिकटू या आशेवर दिवस काढी, तो उमेदवार. फारसीत उमेद म्हणजे आशा. तेव्हा आशेवर जगणारा तो उमेदवार, हा अर्थ अगदी नेमका होता. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथील जुन्या मराठी घराण्यांच्या कुळवृत्तांतांत 'अमुक साली देशाहून येऊन दोन वर्षे उमेदवारी केली' अशा धर्तीचे वाक्य वाचकांनी पुष्कळदा पाहिले असेल. पुढच्या वाक्यात बहुधा मामा, चुलते किंवा गाववाले यांचे नाव येते. त्यांच्या बिऱ्हाडी राहूनच ती उमेदवारी झालेली असते.

दुसरा शब्द 'वशिला'. अरबीतील 'वसीला' याचा मूळ अर्थ साधन किंवा मध्यस्थी. त्यात काही हीन नाही. मराठीत मात्र त्याला 'बाजी' हे शेपूट लागले आणि शब्द बदनाम झाला. गंमत अशी की दुसऱ्याच्या मुलाची नोकरी वशिल्याने लागते, आपल्या मुलाची ओळखीने लागते.

हे दोन शब्द आज पुन्हा एकत्र आले आहेत. आपली नातवंडे ज्याला इंटर्नशिप म्हणतात ती जुनी उमेदवारीच होय. कधी विनावेतन, कधी नाममात्र विद्यावेतनावर दोन-चार महिने एखाद्या कंपनीत, रुग्णालयात, वकिलाकडे किंवा वर्तमानपत्रात काम करावयाचे आणि अनुभवाचा दाखला घ्यावयाचा. हा दाखला नसेल तर पुढची दारे उघडत नाहीत, अशी आता स्थिती आहे. त्यामुळे उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की आमच्यासारख्या निवृत्त मंडळींना फोन येऊ लागतात. 'काका, तुमची तिथे ओळख आहे ना?' प्रश्न साधा आहे. त्याचा इतिहास मात्र बराच मागे जातो, आणि त्या इतिहासात आपली स्वतःची घराणी गुंतलेली आहेत. म्हणून तो येथे थोडा मांडावयाचा आहे.

शिवाजी महाराजांनी आपल्या कारभारात अधिकारपदे वंशपरंपरेने दिली नाहीत, आणि जहागिरीऐवजी रोख वेतन देण्याचे धोरण ठेवले. न्यायमूर्ती रानड्यांनी मराठी सत्तेच्या उदयाविषयी लिहिताना या धोरणाला फार महत्त्व दिले आहे, ते योग्यच आहे. शाहू महाराजांच्या काळात हे धोरण मागे पडले. पेशवाईच वंशपरंपरेची झाली, मग फडणिशी, चिटणिशी, मुजुमदारी तशा होण्यास वेळ लागला नाही. बाप गेला की लेखणी मुलाच्या हाती येई. १७५६ साली जनार्दनपंत भानू वारले तेव्हा फडणिशी त्यांच्या चौदा वर्षांच्या मुलाकडे आली. त्या मुलाचे आजोबा बाळाजी महादेव भानू हे बाळाजी विश्वनाथांबरोबर दिल्लीस गेले असता १७१९ च्या गोंधळात मारले गेले होते, आणि त्या उपकाराची आठवण पेशव्यांच्या घराने ठेवली होती. तो चौदा वर्षांचा मुलगा म्हणजे नाना फडणवीस. वंशपरंपरेच्या पद्धतीचे समर्थन करणारे नानांचे नाव पुढे करतात आणि त्यात तथ्य आहे. परंतु फडणिशा, चिटणिशा पुष्कळ होत्या, नाना एकच झाला, हेही लक्षात ठेवावे लागते.

नानांच्याच काळातील दुसरी एक गोष्ट परंपरेने सांगितली जाते. श्रावणात पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जात असे. विद्वत्तेच्या मानाने रक्कम कमी-अधिक होई. एकदा नाना आणि रामशास्त्री प्रभुणे शेजारी बसले असता शास्त्रीबुवांचे बंधूच दक्षिणेसाठी पुढे आले. शास्त्र्यांचे बंधू म्हणून नानांनी वीस रुपये द्यावयाचे सुचविले. रामशास्त्री म्हणाले, यांची विद्या बेताची आहे, यांना इतरांसारखे दोन रुपये द्यावेत. बाकीचे अठरा मी घरी माझ्या पदरचे देईन. ही कथा आपण लहानपणी निःस्पृहतेचा धडा म्हणून ऐकली. मला तिचा उत्तरार्ध अधिक महत्त्वाचा वाटतो. शास्त्रीबुवांनी भाऊ नाकारला नाही. भावाला देणे आहे हे त्यांनी मान्य केले, फक्त ते कोणत्या थैलीतून द्यावयाचे एवढे ठरविले. सरकारी थैली आणि घरची थैली यांच्यामध्ये त्यांनी रेघ ओढली, आणि ती रेघ नानांसारख्या कारभाऱ्यालाही तेथे दिसली नव्हती.

इंग्रज लेखक पुढे लिहू लागले की नातलगांची भरती हा पौर्वात्य दरबारांचा दोष आहे. हे वाचताना हसू येते. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलकी नोकरीत १८५३ पर्यंत शिरकाव होण्याचा मार्ग एकच होता: कंपनीच्या डायरेक्टरांपैकी कोणीतरी नाव सुचविले पाहिजे. डायरेक्टर चोवीस, त्यांचे पुतणे, भाचे, मित्रांची मुले हीच हिंदुस्थानची कलेक्टर आणि न्यायाधीश मंडळी. नेमणुकांचा व्यापार होतो अशी ओरड झाल्यावर १८०९ साली पार्लमेंटाला चौकशी करावी लागली होती. १८५३ च्या सनदेने ही मक्तेदारी काढून घेतली आणि १८५५ पासून लंडनला स्पर्धा परीक्षा सुरू झाली. परीक्षा खुली होती खरी, पण ती लंडनला होती. बोटीचे भाडे आणि तिकडचा खर्च ज्याला परवडेल त्यालाच ती खुली. तरीही दार किलकिले झाले. १८६९ मध्ये चार हिंदी तरुण त्यातून आत गेले. त्यांत मराठी मुलखातील श्रीपाद बाबाजी ठाकूर होते आणि रमेशचंद्र दत्तही होते. हेच रमेशचंद्र पुढे बडोद्याचे दिवाण झाले.

आता बडोद्याकडे वळू. गायकवाडांबरोबर सातारा, पुणे, कोकण येथून जी घराणी गुजरातेत आली त्यांच्याकडे दरकदारीची कामे पिढ्यान्‌पिढ्या राहिली. मल्हारराव महाराजांच्या अमदानीत तर नेमणुकीसाठी नजराणा घेण्याची चाल सर्रास होती. १८७३ साली कर्नल मीड यांच्या अध्यक्षतेखाली जे कमिशन बसले त्याने इतर तक्रारींबरोबर या नजराण्यांवरही ठपका ठेवला. जो माणूस पैसे भरून जागेवर बसतो तो ते रयतेकडून वसूल करणार, हे उघड होते. १८७५ मध्ये मल्हारराव पदच्युत झाले आणि सर टी. माधवराव दिवाण म्हणून आले.

माधवराव हे तंजावरकडील मराठी. जन्म १८२८, कुंभकोणम्. त्यांचे वडील रंगराव हे त्रावणकोरचे दिवाण होते. चुलते वेंकटराव हेही त्रावणकोरचे दिवाण होऊन गेले. स्वतः माधवराव १८५७ ते १८७२ त्रावणकोरला, मग इंदूरला, मग बडोद्याला दिवाण झाले. १८७५ मध्ये ते इंदूर सोडून इकडे आले तेव्हा होळकरांची दिवाणगिरी त्यांचे चुलतबंधू रघुनाथराव यांजकडे गेली. माधवरावांचे चिरंजीव आनंदराव १९०९ मध्ये म्हैसूरचे दिवाण झाले. एकाच कुटुंबाने इतकी संस्थाने चालविल्याचे उदाहरण विरळा. आपल्या भाषेच्या माणसांचा हा पराक्रम आपण अभिमानाने सांगतो, सांगावाच.

परंतु अभिमान बाजूला ठेवून एक प्रश्न विचारण्यास हरकत नसावी. यास वशिला म्हणावे की वारसा? माधवराव मद्रासला पॉवेलसाहेबांच्या हाताखाली शिकले, पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले, काही काळ त्यांनी तेथेच गणितही शिकविले. अकाउंटंट जनरलच्या कचेरीत काम करून मग त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक झाले, तेथून महसुलाकडे गेले, आणि पायऱ्या चढत दिवाण झाले. त्यांची योग्यता वादातीत आहे. रघुनाथरावही मद्रास सरकारच्या नोकरीत मुरलेले आणि सुधारक म्हणून नावाजलेले गृहस्थ. तेव्हा नालायकाला जागा मिळाली असे येथे झालेले नाही. पण लायक माणसाच्या लायक भावाला जागा मिळते तेव्हाही एक तिसरा माणूस असतो, ज्याचे नाव दरबारापर्यंत पोहोचतच नाही. त्याची लायकी कोणी मोजलेली नसते, म्हणून त्याच्यावर अन्याय झाला हे सिद्धही करता येत नाही. नातेवाईक नालायक असेल तर निदान बोभाटा होतो. तो लायक असला की सगळेच गप्प बसतात.

दिवाणांची गोष्ट मोठ्यांची झाली. आपली बहुसंख्य घराणी कारकुनीतून वर आली, आणि तेथील उमेदवारीची रीत अधिक तपशिलाने पाहण्यासारखी आहे. देशावरचा किंवा कोकणातला मुलगा, मराठी सहा-सात इयत्ता झालेला किंवा मॅट्रिकला अडलेला, चुलत्याच्या पत्रावर बडोद्यास येई. रावपुऱ्यात किंवा दांडिया बाजारात चुलत्याचे बिऱ्हाड. ओटीवर किंवा जिन्याखाली वळकटी ठेवायची जागा. चुलत्याची ऐपत बेताची असली तर आठवड्यातले काही वार दुसऱ्या घरी जेवण्याचे ठरे. सकाळी पाणी भरणे, देवाची फुले, लहानांचा अभ्यास, आणि मग चुलत्याच्या मागून कचेरी. तेथे पहिले काही महिने नकला करावयाच्या, मग आवक-जावक, मग तेरजा जुळविणे. मोडीचे वळण सुधारले, जुने दफ्तर चटकन काढून देता येऊ लागले, साहेबाच्या फेरीत बस्ता बांधून बरोबर जाता येऊ लागले की पोरगा उपयोगी झाला. कोणी रजेवर गेला की बदली. कोणी वारला की कायम.

या पद्धतीची बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. मुलाच्या मागे चुलत्याची अब्रू उभी असे. पोराने कागद गहाळ केला, खजिन्यात हात घातला, तर चुलत्याचे तोंड काळे होई. त्यामुळे चुलताच त्याच्यावर साहेबापेक्षा कडक असे. शिकवणारा आणि शिकणारा एका ताटात जेवत, म्हणून कामाचे बारकावे, कोणत्या गावचा पाटील खोटे सांगतो, कोणता नकाशा जुना आहे, हे सारे कोणत्याही वर्गात न शिकवता हाती येई. आजच्या प्रशिक्षण संस्थांना हे जमत नाही, हे मी त्या संस्थांत व्याख्याने देऊन आल्यावर म्हणतो आहे.

दोष निराळ्या ठिकाणी होता. दोन वर्षे पगाराविना काम कोण करू शकेल? ज्याला त्या शहरात छप्पर आणि ताट आहे तोच. आणि छप्पर-ताट कोणाला मिळे? नात्यातल्याला, जातीतल्याला, फार तर गाववाल्याला. चुलत्याने साहेबाजवळ शब्द टाकला की नाही हा पुढचा भाग झाला. शब्द टाकण्यापूर्वीच निवड झालेली असे, स्वयंपाकघरात. म्हणून त्या काळातील खात्यांचे हजेरीपट वाचले तर कित्येकदा वंशावळ वाचल्यासारखे वाटते. राज्यातील बहुसंख्य प्रजा गुजराती, आणि कचेऱ्यांतून दक्षिणी मंडळींचा भरणा. याबद्दल जी कुरकुर होती ती निव्वळ मत्सरातून होती असे आपल्या घरांत म्हणत. मला तसे म्हणवत नाही.

सयाजीराव महाराजांना १८८१ च्या डिसेंबरात पूर्ण अधिकार मिळाले. ते स्वतः कवळाण्याच्या शेतकरी घरातून दत्तक आलेले. गायकवाडांशी दूरचे नाते नसते तर ते गादीवर येतेच ना, हे खरे. तेव्हा नात्याने काय मिळते हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक असणार? पण नात्याबाहेरची माणसे शोधण्याचा नाद त्यांनी आयुष्यभर केला. शिक्षण सक्तीचे करण्याचा प्रयोग त्यांनी १८९३ मध्ये अमरेलीत सुरू केला आणि १९०६ मध्ये तो सर्व राज्यभर नेला. कारकुनी ही काही घरांची मालमत्ता राहू नये यासाठी याहून मुळाशी जाणारा उपाय दुसरा नव्हता.

तरी त्यांच्या भरतीतही ओळखी होत्याच. अरविंद घोष यांचे उदाहरण घ्या. १८९२ अखेरीस ते लंडनला होते, आय.सी.एस.च्या परीक्षेत उत्तीर्ण, पण घोडेस्वारीच्या चाचणीला हजर न राहिल्यामुळे नोकरी हुकलेली. त्यांचे वडील डॉ. कृष्णधन घोष आणि हेन्री कॉटन यांची मैत्री होती. हेन्रींचे बंधू जेम्स कॉटन यांनी अरविंदांची सयाजीरावांशी गाठ घालून दिली. महिना दोनशे रुपयांवर सौदा ठरला. आय.सी.एस. झालेला माणूस दोनशेत मिळाला म्हणून महाराज खूष होते असे सांगतात! १८९३ च्या फेब्रुवारीत अरविंद बडोद्यास रुजू झाले. सुरुवातीला त्यांना मोजणी-आकारणी, महसूल अशा खात्यांतून फिरविण्यात आले. म्हणजे तीही एक प्रकारची उमेदवारीच, फक्त पगारी. पुढे ते कॉलेजात गेले आणि नंतरचा इतिहास सर्वश्रुत आहे. वडिलांच्या मित्राच्या भावाने गाठ घालून दिली नसती तर ते बडोद्यास आले नसते. यात कोणाला वावगे वाटत नाही, मलाही वाटत नाही. कारण काय? ओळखीने भेट घडली, पण ज्या परीक्षेने त्यांची विद्वत्ता सिद्ध झाली होती ती कोणाच्या ओळखीने झालेली नव्हती. शिवाय जेम्स कॉटन यांचे बडोद्याच्या नोकरीत काही अडकलेले नव्हते. महाराजांनी 'नाही' म्हटले असते तरी त्यांचे काही बिघडत नव्हते.

ही दुसरी गोष्ट फार महत्त्वाची आहे, असे सरकारी नोकरीत आयुष्य घालविल्यावर वाटते. शब्द टाकणाऱ्याला 'नाही' म्हणणे ऐकणाऱ्याला किती सोपे आहे? मामलतदाराने गावच्या दुकानदाराला 'भाचा घरी बसून आहे, जरा काम शिकवा' म्हटले, तर ती विनंती नसते. केंद्र सरकारच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांत चौथा नियम नेमका यासाठीच आहे: सरकारी नोकराने आपल्या पदाचा किंवा वजनाचा उपयोग करून कुटुंबातील कोणास कंपनीत वा पेढीत नोकरी मिळवून देऊ नये. विसावा नियम उलट बाजूने आहे: स्वतःच्या नोकरीच्या बाबतीत वरिष्ठांवर बाहेरचे दडपण आणू नये. राज्यांचे नियमही बहुतांशी याच धर्तीचे. पण नियमात शब्द 'नोकरी' असा आहे. दोन महिन्यांची बिनपगारी इंटर्नशिप नोकरी ठरते का? आमच्या एका कचेरीत ठेकेदाराकडे साहेबाचा मुलगा उन्हाळाभर 'अनुभव' घेत होता आणि त्याच ठेकेदाराची बिले साहेबाच्या मेजावर होती. बिले नियमाप्रमाणे मंजूर झाली, मुलगाही खरोखर काम करीत होता. फाइलीवर शोधू गेल्यास दोष सापडला नसता. शेजारच्या गाळ्यातील दुसऱ्या ठेकेदाराने मात्र त्या वर्षी निविदाच भरली नाही.

निवृत्तीनंतर तर नियमांची पकड सुटते आणि ओळखी तशाच राहतात. ज्यांना आपण बढतीच्या वेळी सांभाळून घेतले ती माणसे आता मोठ्या जागांवर असतात. फोन करताना आपल्याला वाटते, आपण काही मागत नाही, फक्त चौकशी करतो. पलीकडच्याला ते तसे ऐकू येत नाही. म्हणून मी आता एवढेच करतो की कोठे जागा निघते, अर्ज केव्हा करावयाचा, तेथे कोणते काम असते, ही माहिती जो विचारील त्याला देतो, घरच्याला तशी शेजारच्यालाही. ज्या मुलाचे काम मी स्वतः पाहिले आहे त्याच्याबद्दल विचारल्यास लेखी लिहून देतो आणि नाते असल्यास तेही त्याच कागदावर लिहितो. याने घरात थोडी नाराजी होते. आमच्या सूनबाईंचे म्हणणे असे की बाकीचे सगळे फोन करतात, मग आपल्याच मुलाने का मागे राहावे? या युक्तिवादाला सोपे उत्तर नाही. रामशास्त्र्यांजवळ पदरचे द्यायला अठरा रुपये तरी होते.

२०२४ साली केंद्र सरकारने मोठ्या कंपन्यांतील इंटर्नशिपची जी योजना प्रायोगिक पातळीवर आणली तिच्या अटी या दृष्टीने बोलक्या होत्या. २१ ते २४ वयाच्या तरुणांना दरमहा पाच हजार रुपये. आणि ज्यांच्या घरात आई-वडिलांपैकी किंवा पती-पत्नीपैकी कोणी कायम सरकारी नोकर आहे, किंवा कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांहून अधिक आहे, ते अपात्र. आमच्यासारख्या घरांना ही अट टोचते. पण बिनपगारी उमेदवारी कोणाला परवडते हा जुना प्रश्न तिने ओळखला होता, आणि पाच हजारांत परक्या शहरी राहता येते का हा दुसरा प्रश्न शिल्लक ठेवला होता.

नात्याचा आधार आणि नात्याचे वजन यांतला फरक पाहावयाचा तर गोपाळ कृष्ण गोखल्यांचे बालपण पाहावे. वडील गेल्यावर थोरले बंधू गोविंदराव कागलला पंधरा रुपयांवर नोकरीस लागले आणि त्यांतले आठ रुपये गोपाळच्या शिक्षणासाठी कोल्हापुरास पाठवीत राहिले. पंधरातले आठ! यात तिसऱ्या कोणाचे काही गेले नाही. जे गेले ते गोविंदरावांचे आणि त्यांच्या बायकोमुलांचे गेले. कोल्हापूरच्या शाळेत गोपाळला कोणी जास्त गुण दिले नाहीत.

आणि नाते नसताना टाकलेला शब्द कसा असतो याचे उदाहरण कृष्णराव अर्जुन केळुसकर. शिवचरित्र आणि बुद्धचरित्र लिहिणारे हे मराठा समाजातील शिक्षक मुंबईत चर्नी रोडच्या बागेत संध्याकाळी वाचीत बसत. तेथे एक महार विद्यार्थी पुस्तकात डोके घालून बसलेला त्यांना दिसे. त्यांनी चौकशी केली. १९०७ मध्ये तो मॅट्रिक झाला तेव्हा आपले बुद्धचरित्र त्याला भेट दिले, आणि पुढे पैशाअभावी शिक्षण अडले तेव्हा त्याला सयाजीराव महाराजांपुढे नेले. महाराजांनी प्रश्न विचारले, उत्तरे ऐकली आणि दरमहा पंचवीस रुपये मंजूर केले. भीमराव आंबेडकर १९१२ मध्ये बी.ए. झाले. १९१३ च्या जूनमध्ये बडोदे संस्थानाशी करार झाला: परदेशी शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंड, आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी.

१९१७ च्या सप्टेंबरात ते करार पाळण्यासाठी बडोद्यास आले. कोलंबियाची पदवी, लंडनचा अभ्यास, आणि महाराजांची स्वतःची निवड. यापेक्षा मोठा वशिला त्या राज्यात कोणाजवळ नव्हता. अकाउंटंट जनरलच्या कचेरीत ते शिकाऊ अधिकारी म्हणून बसू लागले. पण या उमेदवाराचा चुलता रावपुऱ्यात राहत नव्हता. हिंदू खाणावळीत प्रवेश नाही, म्हणून एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून दिवसाला दीड रुपया भाड्याने, अंधाऱ्या माळ्यावर ते एकटे राहिले. सरकारी बंगल्यासाठी त्यांनी अर्ज केला होता. तो अर्ज, त्यांनी पुढे लिहून ठेवल्याप्रमाणे, एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे हळूहळू सरकत होता. मी स्वतः अर्ज सरकविण्यात उमर घालविली आहे, त्यामुळे ही ओळ वाचताना त्या प्रत्येक टेबलावरचा माणूस मला ओळखीचा वाटतो. कोणी नकार दिला नसेल. कोणी शेरा मारून पुढे पाठविला असेल, कोणी आधीचे कागद जोडावेत असे लिहिले असेल.

अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात आले. खोली सोडावी लागली. शहरात ओळखीचे दोघे होते, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती झालेले ब्राह्मण. पहिल्याने सांगितले, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. दुसऱ्याने बायकोवर सोपविले. रात्री नऊच्या मुंबई गाडीपर्यंतचे तास त्यांनी कमाठी बागेत काढले, ज्या बागेत आपण सारे लहानपणी बोट धरून गेलो.

केळुसकरांनी त्यानंतरही प्रयत्न सोडला नाही. धनंजय कीर यांच्या आंबेडकर-चरित्रात नोंद आहे की केळुसकरांनी बडोद्यातील आपल्या ओळखीच्या एका प्राध्यापकांना विचारले, आणि पैसे घेऊन त्यांना घरी ठेवण्यास ते गृहस्थ तयार झाले. आंबेडकर पुन्हा गाडीत बसले. बडोदे स्टेशनावर उतरतात तोच प्राध्यापकांची चिठ्ठी त्यांच्या हाती पडली. घरातून विरोध आहे, पत्नी तयार नाही, असा तिचा मजकूर होता. ते स्टेशनावरूनच परत फिरले.